आगाऊ बर्फ

हिमालयातला बर्फ आणि मराठी मध्यमवर्गाची रजा यांची पत्रिका जुळत नाही. दिवाळीच्या सुट्टीत सगळं घर मोकळं असतं, तेव्हा गुलमर्गच्या कुरणात गवत सुकत असतं. फेब्रुवारीत तिथे बर्फच बर्फ असतो, तेव्हा इथे कुणाची तरी दहावी, कुणाची तरी बारावी, आणि ज्यांचं दोन्ही उरकलंय त्यांचं मार्चअखेर. उरतो नाताळचा आठवडा. शाळा बंद, ऑफिसात साठलेल्या रजा एकतीस तारखेला बुडणार, म्हणजे जायलाच हवं. बर्फाचं मात्र त्या आठवड्यात अजून नक्की नसतं. काश्मीरमधले कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, तिथल्या बोलीत ‘चिल्लई कलां’, सुरूच होतात मुळी २१ डिसेंबरला. आपण श्रीनगरला उतरतो तेव्हा हिवाळ्याने नुकती मस्टरवर सही केलेली असते. कामाला लागायला त्यालाही थोडा वेळ लागतो.

तरीही यंदा आमच्याकडे ‘सहकुटुंब स्कीइंग’ ठरलं. ठरवलं थोरल्या साडूंनी, आणि त्यांनी एकदा ठरवलं की बाकीच्यांनी फक्त मोजे विकत घ्यायचे असतात. साडूंचा उंचीशी आलेला संबंध कळसूबाईपर्यंतचा. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्र जिथे संपतो त्याच्याही हजार मीटर वर गुलमर्ग सुरू होतं. पण ऑगस्टच्या भर पावसात, खुंटीवर रेनकोट गळत असताना, त्यांनी ‘अर्ली बर्ड’ सवलतीत डिसेंबरचा बर्फ बुक केला. ‘आत्ता घेतला तर स्वस्त पडतो,’ म्हणाले.

सहलीच्या माहितीपत्रकात छापलं होतं, ‘तिसरा दिवस : बर्फात धमाल व स्कीइंग’. शेजारी एक बारीकशी चांदणी. चांदणीचा खुलासा शेवटच्या पानाच्या तळाशी होता, ‘नैसर्गिक परिस्थितीनुसार’. त्याच पानावरचा दुसरा नियम मात्र चष्म्याशिवाय वाचता येत होता : निघण्याआधी पंधरा दिवसांच्या आत रद्द केल्यास परतावा मिळणार नाही.

सगळी मेख इथे आहे. हवामानाचा अंदाज पाच-सात दिवसांपुरता बऱ्यापैकी भरवशाचा असतो. त्यापुढे तो राशिभविष्याच्या वाटेला लागतो. म्हणजे पैसे परत मिळायची मुदत असते तेव्हा बर्फाबद्दल कुणीच काही सांगू शकत नाही, आणि सांगता येऊ लागतं तेव्हा मुदत टळून गेलेली असते. ही सोय निसर्गाने केली की पर्यटन व्यवसायाने, याबद्दल मला शंका आहे. विम्याचे कागद उघडून पाहिले. सामान हरवण्याची तरतूद आहे, हिवाळा हरवण्याची नाही.

दसऱ्यानंतर कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वेधशाळा उघडली. परवापरवापर्यंत ‘शुभ सकाळ’चे गुलाब पाठवणाऱ्या मावससासूबाई ‘वेस्टर्न डिस्टर्बन्स’ असं एका दमात म्हणू लागल्या. प्रकार खराच आहे. भूमध्य समुद्राच्या बाजूने वादळी हवामानाचे पट्टे पूर्वेकडे सरकत येतात, इराण-अफगाणिस्तान ओलांडतात आणि हिमालयाला धडकून आपली ओल तिथे रिकामी करतात. काश्मीरचा हिवाळी बर्फ म्हणजे मुख्यतः त्यांचीच कमाई. आमच्या ग्रुपवर मात्र त्यांची चौकशी कोकणकन्येसारखी सुरू झाली. ‘निघालंय का?’ ‘तेहरानपर्यंत आलंय म्हणे.’ ‘आपल्या तारखेला पोचेल ना?’ एकाने लोकेशन पाठवायला सांगितलं. धाकट्या मेव्हण्याने एल निनोचा उल्लेख केला, तेव्हा सासूबाईंनी विचारलं की तो आपल्याबरोबर येणार आहे का, कारण चौथी खोली घ्यावी लागेल.

बरं, बर्फ नुसता पडून भागत नाही, तो टिकावा लागतो. मोसमाच्या सुरुवातीला जमिनीत ऊब शिल्लक असते, पहिला थर बघता बघता वितळतो. पारा शून्याच्या वर रेंगाळला तर बर्फाऐवजी पाऊस पडतो, आणि पाऊस बघायला कोल्हापूरहून काश्मीरला जाण्याची गरज नसते. समजा चार-सहा इंच साठलाच, तर त्याखाली दगड आणि झाडांची खुंटं दबा धरून बसलेली असतात. फोटोत ती दिसत नाहीत, पडल्यावर कळतात.

शेवटी हॉटेलच्या व्यवस्थापकाला फोन. ‘बर्फ है क्या?’ त्या भल्या माणसाने आजवर कुणालाही ‘नहीं’ म्हटलेलं नाही. ‘है ना साहब, ऊपर है.’ काश्मिरात हे ‘ऊपर’ फार ऐसपैस आहे. गुलमर्गचा गोंडोला दोन टप्प्यांत चढतो. पहिला कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवटच्या खांद्यावर, जवळजवळ चार हजार मीटरवर. दुसऱ्या टप्प्याचं तिकीट वेगळं, ते आधी ऑनलाइन पटकवावं लागतं, आणि वारा सुटला की तो टप्पा बंद. तिथे बर्फ लवकर येतो हे खरंच. पण तिथून खाली येणारे उतार ज्यांच्यासाठी जगभरातून लोक येतात ते उतार आहेत, म्हणजे खडे, मोकळे, हिमस्खलनाची टांगती तलवार असलेले. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथे हिमस्खलनात एका परदेशी स्कीअरचा जीव गेला. आमच्या मंडळींची तयारी गच्चीवर उठाबशा इतपत. नवशिक्यांचे उतार खाली, कुरणाच्या कडेला. थोडक्यात, डिसेंबरात जिथे बर्फ आहे तिथे आपल्याला स्की येत नाही, आणि जिथे आपल्याला जमेल तिथे बर्फ नाही.

अमेरिकेत कोलोरॅडोला असलेल्या भाच्याने सांगितलं की तिकडेही हेच आहे, फक्त जास्त पद्धतशीर. मोसमाचा पास बर्फ पडायच्या कित्येक महिने आधी विकतात, जसजसा बर्फ जवळ येतो तसतसा तो महाग होतो. कीस्टोन, अरापाहो बेसिन अशी ठिकाणं तर ऑक्टोबरातच उघडतात. थंड, कोरड्या रात्री यंत्रांनी पाण्याचे फवारे उडवून बर्फ तयार करतात. दोन्हीकडे तपकिरी डोंगर, मधोमध पांढरी पट्टी, आणि त्या एका पट्टीवर अख्ख्या राज्यातले उत्साही लोक. साडूंनी लगेच विचारलं, ‘मग आपल्याकडे का नाही?’ आपल्याकडेही आहे की. उत्तराखंडातल्या औलीला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी कृत्रिम बर्फाची यंत्रणा बसवली, तिला पाणी पुरवायला तळं बांधलं. त्याच औलीतली राष्ट्रीय स्पर्धा २०२३ साली बर्फाअभावी रद्द करावी लागली. यंत्राला पाणी पुरवता येतं, थंडी पुरवता येत नाही. त्याच वर्षी जोशीमठची जमीन खचू लागल्यावर तिथून औलीला जाणारा रोपवेही बंद झाला.

गुलमर्गचीही कथा वेगळी नाही. २०२४ च्या जानेवारीत, ऐन चिल्लई कलांमध्ये, गुलमर्गचं कुरण तपकिरी होतं. महिना संपता संपता कुठे बर्फ आला. २०२५ मध्ये ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीत व्हायचा होता, तो बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावा लागला. देशभरातल्या खेळाडूंना आणि सरकारला जी तारीख साधली नाही, ती साडूंनी ऑगस्टमध्ये मुंबईत बसून साधली होती.

आणि बर्फ आला तरी तो आपल्या सोयीने येतो असं नाही. २०२४ च्या डिसेंबरअखेर काश्मिरात मनासारखा पडला. ज्यांनी महिनाभर त्याच्यासाठी देव पाण्यात ठेवले होते त्यांची श्रीनगरहून सुटणारी विमानं त्याच बर्फाने रद्द झाली आणि जम्मूचा महामार्ग बंद पडला. ज्यांना बर्फ हवा होता तेच ‘कधी थांबणार?’ म्हणून फोन करत होते.

२०२४ च्या त्या कोरड्या जानेवारीत काश्मिरातल्या मशिदींमधून पावसा-बर्फासाठी सामुदायिक नमाज पढले गेले. नमाज पढणाऱ्यांची चिंता तिसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमाची नव्हती. डोंगरावर साठलेला बर्फ उन्हाळ्यात झेलममधून आणि ओढ्यानाल्यांतून शेतात उतरतो, सफरचंदाच्या बागा त्यावर जगतात. स्लेज ओढणारे, स्की शिकवणारे, गुलमर्गच्या वाटेवरच्या टंगमर्गला कोट भाड्याने देणारे, या सगळ्यांचं वर्षभराचं पोट त्या दोन-अडीच महिन्यांत भरायचं असतं. त्यांना कुणी परतावा देत नाही, आणि त्यांनी तो मागितल्याचंही ऐकिवात नाही. आमच्या ग्रुपवर मात्र ‘बर्फ नसेल तर निदान एक जेवण वाढवून मागू’ असा ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला आहे.

दरम्यान खरेदी आटोपली आहे. दादरला पस्तीस अंश तापमानात थर्मल अंगावर चढवून पाहताना सासऱ्यांना घेरी आली, हा सहलीतला आतापर्यंतचा एकमेव वैद्यकीय प्रसंग. साडूंनी यूट्यूबवर बघून गुडघे वाकवून ब्रेक कसा लावायचा ते शिकून घेतलंय आणि दिवाणखान्यातल्या गुळगुळीत फरशीवर मोजे घालून सराव चालू आहे. मला विचाराल तर गुलमर्गला प्रत्यक्षात जे होईल ते एवढंच : एक स्थानिक मुलगा साडूंना काठीला धरून वीस फूट ओढेल, बायको व्हिडिओ काढेल, आणि पुढची दहा वर्षं साडू ‘आम्ही स्कीइंग करायचो तेव्हा’ अशी वाक्यं सुरू करतील. त्यासाठी फार बर्फ लागत नाही.

ज्यांना खरंच स्की शिकायची आहे त्यांनी डिसेंबर सोडून द्यावा. गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आहे, तिथे रीतसर वर्ग चालतात, आणि ते नाताळात नव्हे तर जानेवारीपासून मार्चपर्यंत. दहावी-बारावीची मुलं घरात असतील तर मोठ्यांनी एकटं जावं. परीक्षेच्या दिवसांत मुलांना आपली तेवढी गरज नसते जेवढी आपल्याला वाटते. आणि ज्यांनी नाताळचं तिकीट काढूनच ठेवलंय, त्यांनी थंडी बघायला, कहवा प्यायला, देवदार बघायला खुशाल जावं. फक्त टंगमर्गला गाडी थांबली की गमबूट पायात चढवण्याआधी, वरून उतरणाऱ्या एखाद्या गाडीच्या चालकाला, दुकानदाराला नव्हे, ‘वर बर्फ आहे का?’ एवढं विचारून घ्या. गमबुटांचं भाडंही परत मिळत नाही.