पिंगळा पडला अन् मिठू लपला

"तुमी पुन्याले गेल्या अन् इकडं बम तमाशा झाला, मॅडम."

काकूंनी भिंतीवर सूप टेकवलं. सुपात अंबाडीची भाजी. भाजी निवडायला घेतली की काकूंकडे निदान अर्ध्या तासाचा ऐवज असतो, म्हणून मीही दोरीवरचे कपडे तसेच ठेवून जवळ सरकले.

"मागच्या वहिनीच्या आंगनात पिंगळा पडला. भर दुपारी. चोच उघडी, नरडं लपलप हाले, पंख लोंबलेले. तिच्या सासूनं पायलं अन् जे बोंबलली! म्हने, पिंगळा दारात आला, आता घरातलं कोनीतरी जाते."

"मग? गेलं का कोणी?"

"कोन जाते! सासूबाई सोता काल भजे खाऊन रायल्या होत्या."

पिंगळ्याला हा मान कोणी दिला कोण जाणे. जुन्या चिंचेची ढोली, पडक्या वाड्याच्या भिंतीतलं भोक, ही त्याची घरं. आणि पडक्या भिंतींची आपल्या या चार वेशींच्या गावात काय कमी? उंदीर, पाली, किडे खाणारा हा वीतभर जीव अशुभ असता तर आपलं कारंजा गाव कधीच ओस पडलं असतं. उलट त्याच्याच जमातीला माणसाची साडेसाती आहे. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडं चोरून धरतात आणि विकतात.

"मंग इलाज सुरू झाले," काकू पुढे निघाल्या. "एकीनं दुधात पाव कुस्करून आनला. एकीनं हळद भिजवली. अन् वहिनीचा पोट्टा बाटलीच्या झाकनानं त्याच्या चोचीत पानी वतू लागला."

"अहो, मेलं असतं ना ते!"

"काहून वो? पान्यानं कोनी मरते का?"

आता इतकी वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्यावर गप्प बसणं कसं जमायचं? सांगितलं काकूंना, पाखराची श्वासनळी जिभेच्या मुळाशीच उघडते, वरून ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात जातं. पाणी ठेवायचंच तर ते नीट उभं राहिल्यावर उथळ झाकणात समोर ठेवावं, प्यायचं की नाही ते त्याचं त्याला कळतं. गाई-म्हशीचं दूध पचवायची तर त्याच्या पोटात सोयच नाही.

"आणि नरडं हलत होतं ना, ते ऊन लागल्याचं. पाखराला घाम येत नाही काकू. धापा टाकून, गळा हलवूनच अंगातली उष्णता बाहेर काढायची. आपल्याकडे मे महिन्यात पारा 43-44 वर गेला की तेवढ्यानं भागत नाही, मग टपकतात झाडावरून."

"तरीच! बरं झालं माहा भाचा आलता. त्यानं सगळ्यायले मागं सारलं. सुती कपडा टाकून पिंगळा उचलला, बुटाच्या खोक्यात ठेवला, झाकनाले भोकं पाडली अन् आतल्या थंड खोलीत नेऊन ठेवलं. कूलरसमोरबी ठेवू देल्लं नाई, दार लावून घेतलं. बाया अशा नाराज झाल्या म्हनता! एवढं पाखरू वाचवाले आलो अन् पाखरूच दिसून नाई रायलं!"

नाराज होणारच. आजारी पाखरू घरात आलं की त्याच्या भोवती बसून मान कुरवाळायची, फोटो काढायचे, शेजाऱ्यांना बोलवायचं, यालाच आपल्याकडे सेवा म्हणतात. रानच्या पाखराला मात्र आपण म्हणजे पंधरा डोळ्यांचा शिकारी. कुरवाळलं की त्याला वाटतं, आता खाणार. आजारापेक्षा या धसक्यानंच किती जातात. अंधार आणि शांतता हेच पहिलं औषध, आणि ते फुकट मिळतं म्हणून कोणाला पटत नाही.

"पिल्लू असतं तं?" काकूंनी विचारलं.

"पंख फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू आजारी नसतं. मांजरापासून वाचवून जवळच्या फांदीवर ठेवायचं, की आईबाप येतात. माणसाचा हात लागला की आई टाकते, हे खोटं आहे."

"अन् खायाचं? पिंगळ्याले तं उंदीर लागते. आपल्या गल्लीत निम्मी घरं जैनायची. खिमा कोन आनन?"

मला दिल्ली आठवली. लाल किल्ल्यासमोरच्या लाल मंदिरात जैनांनी चालवलेला पाखरांचा दवाखाना आहे, इलाज मोफत. पण खाटा फक्त शाकाहारी पाखरांना! घार आली तर मलमपट्टी करतात, भरती करून घेत नाहीत. त्याच दिल्लीत दोन मुसलमान भावांनी मग घारींसाठी स्वतःच्या घरात दवाखाना काढला. 'ऑल दॅट ब्रीद्स' हा माहितीपट त्यांच्यावरचाच, 2022 साली कानच्या महोत्सवात त्याला बक्षीस मिळालं.

"म्हंजे आपल्या पिंगळ्याले तिथं फकस्त ओपीडी," काकूंनी निकाल दिला. "तसं आमच्याइथं कोनाले खिमा आनावाच नाई लागला. भाचा म्हने, उन्हानं सुकलेल्या जिवाले पयले काहीच खाऊ घालू नका. मंग कोपऱ्यावरच्या वहिनी म्हने, हात नका लावू, बर्ड फ्लू असन."

हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. 2025 च्या फेब्रुवारीत आपल्याच तालुक्यात, खेर्डा जिरापुरेला, हजारोंनी कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. त्याच्या महिनाभर आधी तिकडे उदगीरला कावळे पटापट मरून पडले होते. तेव्हा एकाच जागी चार-सहा पाखरं मेलेली दिसली तर हात न लावता पशुसंवर्धनवाल्यांना कळवायचं. उन्हानं पडलेल्या एकट्या पिंगळ्यालाही कपड्यानं उचलायचं आणि नंतर साबणानं हात धुवायचे.

"तवा महिनाभर आमच्या घरी चिकन बंद," काकू म्हणाल्या. "शिजवलेलं चालते म्हने, पन मन होते का? बरं, ते जाऊ द्या. खरी गंमत पुढं आहे." त्यांनी आवाज खाली आणला. "भाच्यानं 1926 लावला. वनखात्याचा नंबर. गार्ड येतो म्हने. हे आयकलं अन् कोपऱ्यावरच्या वहिनी घराकडं पयाल्या! मिठूचा पिंजरा उचलला, न्हानीत नेला, वरून सतरंजी टाकली."

"अगं बाई! म्हणजे त्यांना कायदा ठाऊक आहे."

"ठाऊक नसन कसा? गार्ड आला, खोका उघडून पायला, म्हने हाड मोडलेलं नाई, बस ऊन लागलं. कोपऱ्यावरच्या वहिनी त्याले च्या घेऊन आल्या, अन् त्यायच्या न्हानीतून आवाज आला, 'च्या आना! च्या आना!' गार्ड म्हने, कोन बोलते? वहिनी म्हनते, नातू."

"नातू तर पुण्याला आहे त्यांचा!"

"तेच तं! कालच फोनवर दिसला मले."

हसून हसून माझी पुरेवाट झाली. पण गोष्ट साधी नाही. लव्हबर्ड परदेशी, ते पाळले तर चालतात. आपला रानातला राघू पिंजऱ्यात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. बरं, वहिनींनी घाबरून दार उघडून सोडला तरी तो वाचायचा नाही. पंखांत जोर नाही, दाणा शोधायची सवय नाही, पहिल्याच मांजराला मिळेल. वनखात्याच्या स्वाधीन करायचा, मग ते नागपूरला सेमिनरी हिल्सच्या उपचार केंद्रासारख्या ठिकाणी पाठवून त्याला पुन्हा उडतं करू शकतात.

"आणि पिंगळ्याचं काय झालं?"

"नेला गार्डानं. दुसऱ्या दिवशी दिवेलागनीले आनला अन् त्याच आंगनात सोडला. जिथं सापडला तिथंच सोडावा लागते म्हने. सासूबाई घरातच बसल्या होत्या, जपमाळ घेऊन."

"मग मिठूचं कोणीतरी सांगायला हवं वहिनींना."

"तुमी सांगा. तुमी मॅडम आहा, तुमचं आयकते लोक."

"तुम्हीच सांगा ना, तुमचं रोजचं जाणं-येणं."

"म्हनूनच तं नाई सांगत," काकूंनी सूप उचललं. "मले रोज सांजच्याले तिच्याच घरून विरजन लागते."