झाली का?

सकाळी सव्वासहाला दुधाला खाली उतरलो की बागेच्या कडेला कंट्रोलर दिसतात, आणि मी हाक मारायच्या आत हात वर करून मला थांबवतात. कारण त्यांच्या हातातल्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बाब्या विचार करत उभा असतो. बाब्या विचारात असताना बोलायचं नसतं. विचार मोडतो, आणि मग तो वर जाऊन सोफ्यापाशी पूर्ण होतो.

हे गृहस्थ तुमच्याही सोसायटीत असणार. उतारवयात कुत्रा दत्तक घ्यायचा आणि त्यानंतर जगाला एकच प्रश्न विचारायचा: झाली का?

आमचे एसटीत वाहतूक नियंत्रक होते, म्हणून कंट्रोलर. बाब्या पाच वर्षांचा, गावठी, नसबंदीची खूण म्हणून कानाचा कोपरा कापलेला. अख्खं आयुष्य प्राण्यांच्या निवाऱ्यात गेलेलं. "आणायचाच तर पिल्लू आणायचं, हा घोडा कशाला?" असं मी म्हणालो, तर "मी काय पिल्लू आहे?" असं उत्तर मिळालं.

मागोमाग वही आली. लांबट, लाल पुठ्ठ्याची. रकाने चार: वेळ, ठिकाण, प्रकार, शेरा. '६.१०. बहाव्याखाली. एक नंबर. वेळेवर.' '७.४०. दिवाणखाना. एक नंबर. विनाथांबा.' 'दुपारी ३. फेरी रद्द.' नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले. हे वही घेऊन धावतात. नुसतं लिहून थांबले असते तरी चाललं असतं, पण ते वाचूनही दाखवतात. श्रावणात शेजारच्या सत्यनारायणाला, माझ्या तळहातावर तीर्थ असताना, त्यांनी मला आदल्या रात्रीची जादा फेरी तपशिलात सांगितली.

सल्ला द्यायची सोय नाही. फिनेल टाका म्हटलं, तर फिनेलने वास आपल्यापुरता जातो, त्याच्यापुरता नाही; एन्झाइमचं द्रावणच लागतं. नाक घासा म्हटलं, तर तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी जिन्यात गाठून म्हणाले, "ओरडलं की कुत्रा एवढंच शिकतो, की आपल्यासमोर करायची नाही. मग पलंगाखाली करतो." झोपून उठला की बाहेर, जेवला की बाहेर, खेळला की बाहेर. झाली रे झाली की तिथल्या तिथे चिकनचा तुकडा. घरी येऊन दिला तर त्याला वाटतं, घरी आल्याचं बक्षीस. त्या चिकनसाठी या शाकाहारी माणसाने गॅलरीत वेगळी शेगडी मांडली.

आणि तरी पहिले बारा दिवस बाब्या बागेत चाळीस-चाळीस मिनिटं गवत हुंगायचा आणि परत येऊन लिफ्टसमोरच्या फरशीवर मोकळा व्हायचा. सेक्रेटरींनी नोटीस लावली. कंट्रोलरांनी वही उलटीसुलटी चाळली आणि तेराव्या दिवशी निदान केलं. "अहो, हा जन्मभर निवाऱ्यातल्या कोब्यावर गेलाय. गवत हा त्याचा थांबाच नाही!"

कुठून तरी शहाबादी फरशीचा हातभर तुकडा आणून त्यांनी बहाव्याखाली ठेवला. बाब्या त्यावर चढला, तीनदा गोल फिरला, आणि झाली. मग रोज त्या फरशीवर एक मूठ माती. दिवाळीपर्यंत फरशी दिसेनाशी झाली, बाब्याला पत्ताही लागला नाही. माणसाला एखादी सवय इतक्या बेताने कुणी लावलेली मी पाहिलेली नाही. (हे त्यांना सांगितलेलं नाही. वहीत लिहून ठेवतील.)

मार्चमध्ये कंट्रोलरांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. बाब्या आणि वही माझ्याकडे. पहिल्या दिवशी भेटायला गेलो, तर नळी, पिशवी, सलाइन, आणि प्रश्न तोच. मी म्हणालो, "सहा वीस, बहावा, एक नंबर." डोळे मिटून म्हणाले, "शेरा?"

तिसऱ्या दिवशी नळी काढली. त्यानंतर आपली आपण व्हावी लागते, नाहीतर पुन्हा नळी. पाणी पिऊन झालं, व्हरांड्यात फेऱ्या झाल्या, दुपार गेली. सिस्टर दर अर्ध्या तासाने दारातूनच, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात, "काका, झाली का?" कंट्रोलर चादरीच्या कडेला चुण्या घालत खाली बघत बसले होते. या प्रश्नावर त्यांच्यापाशी उत्तर नाही, असं पहिल्यांदाच बघत होतो.

मी उठून दारापाशी गेलो. "सिस्टर, हळू बोला. त्यांचा विचार मोडतो."

सव्वापाचला झाली.

रात्री बाब्याला फिरवून आणल्यावर वही उघडली. त्याची नोंद केली आणि खाली आणखी एक ओळ लिहिली: '५.१५. वॉर्ड. एक नंबर. उशिरा, पण सुटली.'

कंट्रोलर घरी येऊन आता दोन महिने झाले. ती ओळ त्यांनी अजून खोडलेली नाही.