दीडशे टक्के शीड

मुंबई बंदरात वीस फुटी होडी बाळगणाऱ्या एका सद्गृहस्थांनी पुढचं फाटकं शीड बदलताना दाखवलेली दूरदृष्टी अनुकरणीय आहे. साधं डेक्रॉनचं कापड त्यांनी तत्काळ बाद केलं. ते वर्षानुवर्षं टिकतं, त्यात कसली आलीय प्रतिष्ठा! निवड झाली शर्यतवाल्या लॅमिनेटची. उन्हात थर सुटतात, दमट हवेत बुरशी धरते, म्हणजे जणू मुंबईसाठीच विणलेलं.

मापही तोलामोलाचं, दीडशे टक्के जिनोआ. डोलकाठीपासून नाळेकडच्या तारेपर्यंत जेवढं अंतर, त्याच्या दीडपट. शीड डोलकाठी ओलांडून मागे पसरतं आणि सुकाणूवाल्याला समोरचं जहाज दिसत नाही. न दिसणाऱ्या जहाजाची भीती कसली? दुपारी वायव्येचा वारा चढला की अर्धं गुंडाळायचं. मग त्याचं पोट सुटतं, होडी कलते आणि पुढे जायचं तेवढं राहतं.

याच न्यायाने पुढल्या मोसमात तीनशे टक्के घ्यावं. एवढ्या शिडाखाली होडी असण्याची गरज उरत नाही. शिवाय होडी विकल्याखेरीज त्याचे पैसेही उभे राहायचे नाहीत, म्हणजे हिशेब चोख.

तूर्त शीड पिशवीत सुखरूप आहे. मालक मात्र दर रविवारी न चुकता मांडव्याला जातात. रो-रो बोटीने.