टीम लावणारे भाऊ

कसारा लोकलमध्ये प्रवाशांच्या तीन तऱ्हा: झोपणारे, भजन म्हणणारे आणि टीम लावणारे. झोपणारे कल्याणला उठतात, भजनवाले कल्याणला टाळ पिशवीत घालतात. टीम लावणाऱ्यांचा वाद मात्र ठाण्याला उतरल्यावर जिन्यावरही चालूच असतो.

या तिसऱ्या तऱ्हेतले सर्वांत जुने आणि सर्वांत ठाम म्हणजे आमच्या खर्डीचे भाऊ. त्यांना नाव आहे, पण ते रेशनकार्डावर. ठाण्यातल्या एका कचेरीत आवक-जावक बघतात. कसाऱ्याहून निघालेली गाडी खर्डीला येते तेव्हा खिडक्या मोकळ्या असतात. आसनगावला उभं राहावं लागतं आणि टिटवाळ्याला लटकावं लागतं. भाऊंच्या मते आपल्या भागाला फुकट मिळालेल्या गोष्टी दोनच, खिडकी आणि मत. बाकी भातसा आणि तानसा दोन्ही उशाशी असून पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आम्ही टँकरची वाट बघतो. ‘‘धोनीचं तरी काय वेगळं?’’ भाऊ म्हणतात. ‘‘धरण रांचीचं, नळ चेन्नईला.’’

भाऊंच्या बोलण्यात धोनी असा कुठूनही येतो.

टीम लावायची ती ड्रीम इलेव्हनवर. ही कंपनी मुंबईच्या हर्ष जैन आणि भावित शेठ या दोघांनी २००८ साली काढली, म्हणजे आयपीएल सुरू झालं त्याच वर्षी. शंभर क्रेडिटमध्ये दोन्ही संघांतले मिळून अकरा खेळाडू घ्यायचे. ते मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्याला. कर्णधार केलेल्याचे दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. एवढाच खेळ. पण भाऊंनी त्याचं शास्त्र केलं. एका पतसंस्थेने वाटलेल्या डायरीत त्यांनी रकाने आखले आहेत: वय, गुडघा, कितव्या क्रमांकावर येतो, समोर गोलंदाज कोण. पस्तिशी ओलांडलेल्यांची नावं तांबड्या शाईत. त्या पानावर मथळा आहे ‘ज्येष्ठ नागरिक’.

गाडीतली पोरं विचारतात, ‘‘भाऊ, आज धोनी घेऊ का?’’

भाऊ चष्मा नाकावर ओढतात. ‘‘भावनेने संसार करायचा. टीम नाय लावायची.’’

मग हिशेब. २०२४च्या मोसमात धोनी चौदा सामने खेळला. धावा १६१, चेंडू ७३. शंभर चेंडूंमागे दोनशेवीस धावांचा वेग. ऐकायला छान. पण चौदाने भागा, सामन्याला चेंडू येतात पाच. ‘‘पाच चेंडूंचा माणूस! पाच चेंडूंत आपल्याकडे स्टान्स पण होत नाय. त्यापेक्षा पहिल्या नंबरला येणारा कोणीही पोरगा घ्या. नाव माहीत नसलं तरी चालेल.’’ आणि यष्टीमागचं? झेलाचे आठ, यष्टिचीतचे बारा. पण ते गोलंदाजाच्या मर्जीवर. ‘‘दुसऱ्याच्या मर्जीवर चालणारी वस्तू विकत घ्यायची नाय. मी जमिनीचं पण हेच सांगतो.’’

हिशेब बिनतोड असतो. पोरं धोनी सोडतात.

असाच त्यांनी १४ एप्रिल २०२४ला सोडायला लावला होता. रविवार, वानखेडेवर मुंबई विरुद्ध चेन्नई. गावात जयंतीची मिरवणूक निघालेली, निम्मी पोरं मिरवणुकीत नाचत एका डोळ्याने मोबाईल बघत होती. शेवटच्या षटकाचे चार चेंडू उरले असताना धोनी आला आणि हार्दिक पंड्याला त्याने ओळीने तीन षटकार मारले. चौथ्यावर दोन. चार चेंडूंत वीस. पुढे रोहित शर्माने नाबाद १०५ केल्या, तरी मुंबई हरली, आणि हरली बरोबर वीस धावांनी. मिरवणूक भाऊंच्या दारावरून गेली तेव्हा पोरांनी बेंजोवाल्याला थांबवून ‘‘भाऊ, धोनीऽऽ’’ अशी आरोळी ठोकली.

भाऊ दुसऱ्या दिवशी डायरी घेऊन हजर. ‘‘बघा. वीस धावांचे वीस, तीन षटकारांचे जादा सहा. सव्वीस. वेगाचे गुण शून्य, कारण त्याला निदान दहा चेंडू खेळावे लागतात. त्याच सामन्यात रोहितचे किती झाले ते मोजा. मग सांगा, चुकलं कोण?’’

हिशेबात कोणीच चुकलं नव्हतं. पण डोंबिवलीला डबा गच्च भरला तेव्हा दरवाज्यातून कोणीतरी म्हणालंच, ‘‘ते बघ, यांनी धोनी सोडला होता.’’ रोहितचे आईवडील एकेकाळी डोंबिवलीत राहायचे, त्यामुळे तो भाग तसा रोहितचा. तरीही रोहितचं शतक कोणाला आठवेना, भाऊंनी सोडलेला धोनी सगळ्यांना आठवत होता.

त्यानंतरच्या मोसमात एकदा संध्याकाळी मी भाऊंच्या शेजारी बसलो होतो. सात वाजता नाणेफेक होते, साडेसातला टीम बंद. म्हणजे देशातल्या सगळ्या टीम लावणाऱ्यांचा तो निर्वाणीचा अर्धा तास, आणि नेमका तेव्हाच आमच्या गाडीचा आटगाव ते खर्डी हा टप्पा, जिथे मोबाईलची रेंज येते कमी आणि जाते जास्त. चार माणसं दारात हात बाहेर काढून मोबाईल आभाळाला दाखवत होती. भाऊंनी दिवसभर पोरांना बजावलं होतं की गुडघा गेला, धोनी नको. गुवाहाटीच्या सामन्यानंतर प्रशिक्षक फ्लेमिंगनेच सांगितलं होतं की गुडघे पूर्वीसारखे राहिले नाहीत, दहा षटकं फलंदाजी त्याला झेपणार नाही. त्याच्या दोनच दिवस आधी, २८ मार्च २०२५ला, चेपॉकवर तो चक्क नवव्या क्रमांकावर आला होता. हे सगळं डायरीत तांबड्या शाईत होतं.

रेंज आली. भाऊंनी घाईघाईने टीम उघडली. माझी नजर गेली. धोनी होता. नुसता नव्हता, उपकर्णधार होता.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मोबाईल छातीशी धरला आणि खालच्या आवाजात शास्त्राचा तो भाग सांगितला जो डायरीत नाही.

‘‘धोनी घेऊन हरलेल्याला कोणी विचारत नाय. सगळ्यांनीच घेतलेला असतो. धोनी सोडून हरलेल्याला अख्खी गाडी विचारते. आता सोडून जिंकलो तर? तर म्हणणार, नशीब. मग सोडायचा कशाला?’’

‘‘मग पोरांना सोडायला का सांगता?’’

‘‘ती पोरं आहेत. त्यांना अब्रू कुठाय?’’

त्या दिवशी मला म्हाताऱ्या हिरोची किंमत कशी ठरते ते कळलं. त्याच्या धावा मोजून ती ठरत नाही. त्याला सोडल्यावर आपलं काय होईल, हे मोजून ठरते. हे भाऊ एकटेच करत नाहीत. २०२३च्या अंतिम सामन्यात धोनी पहिल्याच चेंडूवर बाद झाला आणि जडेजाने शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार, चौकार मारून चषक आणला. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये चेन्नईने संजू सॅमसनच्या बदल्यात राजस्थानला कोणाला दिलं? जडेजाला, सोबत सॅम करनला. घरी कोण राहिलं? धोनी. आणि आलेला सॅमसन यष्टिरक्षकच! भाऊ हे सांगताना इतके खूष होतात, जणू चेन्नईच्या मालकांनी त्यांचीच डायरी वाचली.

अमेरिकेतसुद्धा हाच घोळ. भाऊंच्या मेव्हण्याचा मुलगा तिकडे आहे. तिथे मित्रमंडळी मोसमाआधी जमून आपापल्या पाळीने फुटबॉलचे खेळाडू उचलतात. टॉम ब्रेडी म्हणून एक चेंडू फेकणारा होता. दरवर्षी लोक म्हणायचे, संपला, या वर्षी नको. त्याने त्रेचाळिसाव्या वर्षी अजिंक्यपद जिंकलं. भाऊंनी एकच प्रश्न केला, ‘‘पळावं लागतं का त्याला?’’ फारसं नाही, म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. ‘‘उभ्या जागेची नोकरी. निवृत्तीचं वय नसतं तिला.’’ आणि त्रेचाळिसाव्याच वर्षी, १४ एप्रिल २०२५ला, धोनीने लखनौत अकरा चेंडूंत नाबाद २६ केल्या, वर एक झेल, एक यष्टिचीत, एक धावबाद, आणि सामनावीर झाला. चौदा एप्रिल दोनदा जुळल्यावर भाऊंनी ती तारीख डायरीत हिरव्या शाईने लिहिली. म्हणाले, बाकीच्या दिवशी शास्त्र, चौदा एप्रिलला धोनी.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. २२ तारखेला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. ड्रीम इलेव्हनने पैशाच्या स्पर्धा बंद केल्या, भारतीय संघाच्या अंगावरचं नावही गेलं. वहिनींनी सत्यनारायण घातला. भाऊंनी प्रसाद घेतला आणि डायरी कपाटात ठेवली. पण विद्या कपाटात राहत नाही. भातकापणी झाली, मोकळ्या खाचरांतली धसकटं खणून, पाणी मारून, चोपून पोरांनी पीच केलं, आणि टेनिस बॉलच्या गावलीगचा लिलाव जाहीर झाला. आठ मालक, प्रत्येकाला दहा हजार पॉइंट. भाऊ एका वीटभट्टीवाल्या शेठचे सल्लागार झाले.

आता गावाचाही एक धोनी आहे. त्याला सगळे कप्तान म्हणतात. पिकअपने बाजारात भेंडी पोचवतो. वीस वर्षांपूर्वी त्याने मारलेला षटकार चालत्या मालगाडीत पडून इगतपुरीला उतरला, असा गावाचा दावा आहे. रेल्वेने तो नाकारलेला नाही. हल्ली गुडघ्याला पट्टा आहे आणि पोटाला पट्टा पुरत नाही.

शेठने विचारलं, ‘‘भाऊ, कप्तान घ्यायचा का?’’

भाऊंनी डायरी काढली. धावा: पळत नाही. झेल: जवळ आला तर. पण पुढे एक वेगळाच रकाना होता. अख्ख्या संघाला नेणारा पिकअप, भाडं शून्य. आणि तालुक्यातले निम्मे गोलंदाज नात्याने कप्तानचे भाचे. ‘‘मामाला कोणी उसळता चेंडू टाकत नाय. घरी आई विचारते.’’

पण आयकॉन म्हणून कप्तानची बोली सुरूच व्हायची दोन हजारापासून. तेव्हा भाऊंनी मारुतीच्या देवळात समितीपुढे नियम ठेवला. २०२५च्या मोसमासाठी आयपीएलने ठरवलं होतं की ज्या भारतीय खेळाडूने पाच वर्षांत आंतरराष्ट्रीय सामना खेळलेला नाही आणि ज्याचा बोर्डाशी करार नाही, तो नवोदितांत धरायचा. धोनी शेवटचा खेळला जुलै २०१९ मध्ये, विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात. म्हणून दोन विश्वचषक जिंकलेला कर्णधार नवोदित ठरला आणि चेन्नईला चार कोटींत पडला. त्याच संघात ऋतुराजला अठरा कोटी. ‘‘आपला कप्तान पाच वर्षांत तालुक्याला खेळलेला नाय. त्याला नवोदितात टाका. सुरुवात दोनशे पॉइंट.’’

समितीतले एक आजोबा म्हणाले, ‘‘अरे, त्याची पोरगी बारावीला आहे.’’

‘‘नियमात पोरगी नाय,’’ भाऊ म्हणाले. कायदा पास झाला. नवोदितांच्या यादीत सोळा-सतरा वर्षांच्या पोरांमध्ये टक्कल चमकलं.

लिलावाला बोली दोनशेवर सुरू झाली. शेठने हात वर केला. दुसऱ्या मालकाने पाहिलं, शेठ घेतोय आणि आपण गप्प? त्याने तीनशे केले. तिसऱ्याच्या मागे त्याचा बाप उभा होता, त्याने कोपर मारलं. पाचशे, नऊशे, दीड हजार. लाऊडस्पीकरवाला मालगाडीचा किस्सा सांगायला लागला आणि अडीच हजार झाले. कप्तान मागे पिकअपला टेकून वडापाव खात होता. शेवटी शेठने तो एकतीसशेला उचलला. आयकॉनच्या सुरुवातीपेक्षा अकराशे जास्त! उरलेल्या पॉइंटांत जी पोरं मिळाली त्यातल्या दोघांना बॅट घरून आणायला सांगावी लागली.

एक मालक मात्र कप्तानच्या बोलीत पडलाच नाही. तो बाहेर नोकरीला असतो, त्याला गाव नीट माहीत नाही. त्याने दहा हजारांत शांतपणे चार चांगले गोलंदाज घेतले.

स्पर्धेत कप्तानने चार सामन्यांत मिळून अकरा धावा केल्या, त्यातल्या सहा एका भाच्याच्या फुलटॉसवर. शेठचा संघ उपांत्य फेरीत गळला. कोणी एका शब्दाने शेठला बोललं नाही. उलट सगळे म्हणाले, ‘‘कप्तान होता म्हणून इथपर्यंत तरी आलात.’’ शेठने सगळ्यांना चहा पाजला आणि कप्तानला उत्कृष्ट यष्टिरक्षकाचा चषक मिळाला, तोही त्यानेच पिकअपमधून आणला होता.

अंतिम सामना त्या बाहेरगावच्या मालकाच्या संघाने जिंकला. तो चषक घेऊन घरी निघाला तर पारावरच्या मंडळींनी त्याला थांबवलं. अभिनंदन केलं, आणि मग एकेकाने तेच सांगितलं: ‘‘जिंकलास ते ठीक. पण कप्तानला सोडायला नको होतं.’’ घरी गेला, तर आईनेही विचारलं, ‘‘का रे, त्यालाच बरा नाही घेतलास?’’

दुसऱ्या दिवशी तो भाऊंकडे आला. पुढच्या वर्षीचे सल्लागार आता भाऊच. पहिला सल्ला त्यांनी लगेच, चहा यायच्या आधीच दिला: कप्तानशी आत्ताच बोलून ठेवा, आणि पिकअपला नवे टायर घालून द्या.