चवडेकाका

चंडीगडात मराठी माणसाला आडनाव उरत नाही, सेक्टर उरतो. बावीसवाल्या वहिनी, सदतीसचे डॉक्टर, एकोणीसच्या आजी. आणि ज्यांना शहरात घर परवडलं नाही ते सरसकट ‘मोहालीचे’. या रिवाजाला एकच अपवाद. चवडेकाका कुठल्या सेक्टरात राहतात हे फार थोड्यांना ठाऊक असेल, पण त्यांच्या पायाच्या पंजाची रुंदी सगळ्यांना पाठ आहे. उजवा एकशे दहा मिलिमीटर, डावा एकशे बारा.

चवडे हे अर्थातच त्यांचं आडनाव नव्हे. ते इथल्या मराठी मंडळातल्या पोरांनी ठेवलेलं नाव, आणि काकांनी ते पदवीसारखं स्वीकारलेलं. काका समोरच्याच्या डोळ्यांत बघून कधी बोलत नाहीत. नवख्याला वाटतं, काय विनयशील गृहस्थ आहेत, मान खालून वर होत नाही! पाचेक मिनिटांनी त्या बिचाऱ्याच्या लक्षात येतं की आपल्या बुटांची तपासणी चालली आहे. मग काका हळूच विचारतात, “करंगळी दुखते का हो संध्याकाळी?” आता चाळिशी ओलांडलेल्या कुठल्या माणसाची करंगळी संध्याकाळी दुखत नाही? तो “हो” म्हणतो आणि सापडतो.

गणपतीत आत आरती चालू असते तेव्हा काका बाहेर चपलांच्या ढिगापाशी असतात. चोरीची भीती म्हणून नव्हे, अभ्यास म्हणून. प्रसाद घेऊन माणसं बाहेर येतात, तोवर टोकदार बूट एका बाजूला आणि रुंद तोंडाचे दुसऱ्या बाजूला लावून झालेले असतात. टोकदारांच्या मालकांना एकेकाला बाजूला घेऊन भविष्य सांगितलं जातं: अंगठा आत वळणार, त्याच्या बुडाशी हाड वर येणार, मधल्या बोटावर कुरूप होणार. आरतीनंतर इतकं अशुभ बोलणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

काका मूळचे कागल तालुक्यातले. लहानपण अनवाणी गेलं, आणि सणासुदीला पायताण. नोकरीच्या निमित्तानं चंडीगडच्या एका केंद्रीय संस्थेत आले आणि पायावर पहिल्यांदा काळा ऑफिसबूट चढला. पाय लांबीला आठ नंबरचा, रुंदीला कुठल्याच नंबरचा नाही. सतरा सेक्टरच्या प्लाझात तेव्हा बुटांच्या दुकानांची रांग होती. प्रत्येक दुकानात त्यांना एकच आश्वासन मिळालं: “चमड़ा है सर जी, पहनते-पहनते खुल जाएगा.” काकांनी नोकरीची तीस वर्षं हे वाक्य पायांत घालून काढली. बूट खुलले नाहीत, बोटं मिटली. शेवटी ते दहा नंबर घेऊन पुढच्या पोकळीत ‘ट्रिब्यून’चे बोळे कोंबू लागले. अग्रलेखाची घडी सर्वांत टिकाऊ होते, असं त्यांचं निरीक्षण आहे.

निवृत्तीनंतर मुलीनं परदेशातून एक जोड पाठवला. तळ चार-पाच मिलिमीटरचा, टाच आणि चवडा एकाच पातळीत, पुढचा भाग पावलाच्या आकाराचा, म्हणजे अंगठ्याकडे लांब आणि करंगळीकडे उतरत गेलेला. बूट घालूनही अनवाणी चालल्यासारखं वाटावं म्हणून बनवलेला हा प्रकार. काकांनी पाय आत घातला, पाची बोटं पसरली, आणि काकूंच्या म्हणण्याप्रमाणे, लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही त्यांच्या चेहऱ्यावर असं काही दिसलं नव्हतं. काकूंचं स्वतःचं मत तेव्हापासून आजतागायत बदललेलं नाही. “बदकाचे पाय दिसतात,” त्या म्हणाल्या. किंमत कळल्यावर म्हणाल्या, “अहो, चौदा हजार मोजून अनवाणीच चालायचं, तर मामंजी काय वाईट होते? त्यांना फुकट जमत होतं.”

त्या दिवसापासून काकांचा धर्म बदलला. आणि नव्यानं धर्म बदललेल्या माणसाला समोर कुणी तरी लागतंच.

सुखना तलावाचा बांध ही त्यांची रोजची सभा. हा तलाव १९५८ साली पावसाळी ओढा अडवून केलेला, आणि बांधावर मोटारी येऊ द्यायच्या नाहीत हा शहराचा आराखडा करणाऱ्या ल कॉर्बुझियेचा आग्रह. काका तो आग्रह आपल्या बाजूचा पुरावा म्हणून नोंदवतात. त्यांच्या मते हे शहरच मुळी पायांसाठी बांधलेलं आहे. सेक्टर आठशे मीटर बाय बाराशे मीटर. दूध, भाजी, शाळा, दवाखाना सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. “आणि लोक इथे दुधाची पिशवी आणायला फॉर्च्युनर काढतात!” हे मात्र खरं आहे. चंडीगडात चालणारा माणूस दिसला की तो एक तर डॉक्टरच्या सांगण्यावरून चालत असतो, नाही तर त्याची गाडी सर्व्हिसिंगला गेलेली असते.

पण कॉर्बुझियेवर काकांचा रागही आहे. त्यानं इमारतींच्या मापासाठी ‘मोड्युलॉर’ नावाचा एक आदर्श माणूस ठरवला. आधी त्याची उंची १.७५ मीटर होती, मग ती १.८३ केली, म्हणजे सहा फूट. कारण काय, तर इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांतले देखणे पोलीस सहा फुटी असतात! ही थाप नाही, कॉर्बुझियेच्या स्वतःच्या पुस्तकात ही हकिगत आहे. पाच फूट चार इंचांचे काका हायकोर्टासमोर उभे राहून ती सांगतात तेव्हा त्यांचा आवाज चढतो. “बघा, शहर आमचं, माप पोलिसाचं! बुटांचंही तेच. नंबर इंग्रजांचा, एका नंबराला इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे जवाचा एक दाणा. लांबी तेवढी मोजायची, रुंदीचं नावच नाही. अमेरिकेत निदान अक्षरं तरी आहेत, डी म्हणजे नेहमीचा, मग दोन ई, चार ई. इथे दुकानात चार ई मागितला तर पोरगा विचारतो, सर, कौन सा ब्रँड है?” मग दम घेऊन: “या शहरात तेरा नंबरचा सेक्टर नव्हता. २०२० साली मनीमाजऱ्याला तो नंबर देऊन भोक बुजवलं. रुंद आठ नंबरचं भोक कोण बुजवणार?”

गोची अशी आहे की मुद्द्यात काका बरोबर आहेत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांची पावलं मोजली. भारतीय पाऊल युरोपीय-अमेरिकी पावलापेक्षा रुंद असतं, हा निष्कर्ष निघाला आणि भारतासाठी वेगळी मापं सुचवली गेली. नाव ‘भा’. एप्रिल २०२४ मध्ये ही बातमी छापून आली तेव्हा काकांनी कात्रणाच्या प्रती काढून घरोघर वाटल्या, सोबत पेढे. “एक लाखात माझा पाय नव्हता,” ते म्हणाले, “तरी निकाल माझ्या बाजूनं.” त्या महिन्यात त्यांना टाळण्यासाठी लोकांनी सुखनाची वेळ बदलली. चुकणारा माणूस सहन होतो, त्याला निदान दुरुस्त तरी करता येतं.

तर्क मात्र ते कुठेही नेऊन ठेवतात. रोम, १९६०. अबेबे बिकिला नावाचा इथिओपियाचा सैनिक. कंपनीनं दिलेले बूट त्याच्या पायाला नीट बसेनात, सराव अनवाणी केलेलाच होता, तर गडी तसाच बेचाळीस किलोमीटर पळाला आणि सुवर्णपदक घेऊन गेला. इथवर सगळं खरं. पुढे काका आवाज खाली आणतात: “आणि त्याच रोममध्ये, चारशे मीटरमध्ये, आपले मिल्खासिंग. पायांत बूट. चौथे!” मग नुसतं बघतात. निष्कर्ष तुम्ही काढायचा. ज्या शहरात मिल्खासिंगांनी आयुष्याचा मोठा काळ काढला, जिथं २०२१ साली त्यांना निरोप दिला गेला, त्या शहराच्या तलावावर हे बोलायला छाती लागते. एकदा बाकावरच्या एका वयस्क सरदारजींनी हातातला चहा खाली ठेवला आणि अतिशय सभ्यपणे सांगितलं, “अंकल जी, होर जो मर्जी कहो, मिल्खा सिंह बारे कुझ नहीं कहणा.” तेव्हापासून हे प्रवचन फक्त मराठीत होतं.

बिकिलाची पुढची गोष्ट काका सांगत नाहीत. १९६४ साली टोकियोत तो पुन्हा जिंकला, वेळ तीन मिनिटांनी कमी लागला, आणि तेव्हा त्याच्या पायांत बूट होते.

त्यांच्याबरोबर खरेदीला जाणं हा स्वतंत्र अनुभव. आमच्या मंडळातला एक नवा इंजिनीअर मुलगा, पाय पसरट, बिचारा भिडस्त. सकाळी अकराला निघू म्हणाला, तर काकांनी झापलं. पाय दिवसभरात फुगतात, माप संध्याकाळीच घ्यायचं. दुकानात शिरल्या शिरल्या पिशवीतून तपकिरी कागद निघाला. मुलाला त्यावर उभं केलं. बसून नाही, अंगाचं वजन पायावर हवं. पेन्सिल अगदी उभी धरून दोन्ही पावलांची रेघ ओढली. मोठा पाय निघेल त्याचं माप खरं. मग समोर आलेल्या प्रत्येक बुटातली आतली गादी बाहेर ओढायची, तिच्यावर पाऊल ठेवायचं आणि करंगळी काठाबाहेर सांडली की बूट बाद. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. बूट हातात धरून पिळ्यासारखा पिळता आला पाहिजे. सेल्समननं शूहॉर्न पुढे केलं तेव्हा काकांनी ते दोन बोटांनी बाजूला सारलं. “जिस जूते को चमचा लगता है, वो जूता नहीं, दवाई है.” तासाभरानं दुकानाच्या जमिनीवर चाळीसेक गाद्या पसरलेल्या होत्या. विक्री एका मोज्याच्या जोडाची झाली.

बावीस सेक्टरच्या शास्त्री मार्केटमध्ये पंजाबी जुत्ती बघून काकांचा ऊर भरून आला होता. पातळ तळ, सपाट टाच आणि डावा-उजवा असा भेदच नाही. चार दिवस अदलाबदल करून घातली की ज्या पायात राहील त्या पायाची होते. पाय बुटाला शरण जात नाही, बूट पायाला जातो. तत्त्वज्ञान त्यांना इतकं पटलं की घालून न बघताच घेतली. घरी आल्यावर कळलं की जुत्ती मागून उदार आणि पुढे चिंचोळी. ती आता नातीच्या भांगड्याला जाते.

मग कोल्हापुरी का नाही? हा प्रश्न एका वहिनींनी भर पंगतीत विचारला. म्हशीचं कातडं, बाभळीच्या सालीनं कमावलेलं, खिळा नाही, चामड्याच्याच वादीनं शिवलेलं, पुढे पाची बोटं मोकळी. कापशीची चप्पल तर काकांच्या तालुक्यातलीच. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या फॅशन कंपनीनं मिलानला तशाच चपला रॅम्पवर चढवल्या आणि कोल्हापूरचं नाव घ्यायचं विसरली, तेव्हा याच काकांनी तावातावानं कोल्हापुरीची बाजू मांडली होती. आता मात्र ते जरा अडखळले. म्हणाले, जानेवारीत इथे चार अंश असतं, धुकं पडतं. म्हणाले, कोल्हापुरीला टाचेकडे थर जास्त असतो, मी मोजलाय. काकू वाढता वाढता थांबल्या नाहीत. “कोल्हापुरी घातली की कोणी काही विचारत नाही ना,” एवढंच बोलल्या आणि आमटी पुढे नेली.

पंगतीत बोलण्यासारखं त्यापुढे कुणाकडे काही उरलं नाही.

मागच्या हिवाळ्यात काका आठवडाभर सुखनावर दिसले नाहीत. तीस वर्षं जाड तळावर चाललेला पाय एकाएकी पातळ तळावर आणून सिमेंटच्या बांधावर फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या, तर चवड्याच्या लांब हाडांवर ताण येणारच. पोटऱ्यांना आणि टाचेच्या शिरेलाही नव्यानं शिकावं लागतं. हे काही नवं नाही. २०१३ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात पाच बोटांचे पातळ बूट घालून पळायला लागलेल्यांच्या हाडांत दहा आठवड्यांत सूज दिसली होती. पुढच्याच वर्षी ते बूट बनवणाऱ्या व्हायब्रम कंपनीनं आरोग्याच्या दाव्यांवरचा खटला साडेसदतीस लाख डॉलर देऊन मिटवला. काकांना हे सगळं माहीत होतं. ते त्याला ‘अमेरिकनांची घाई’ म्हणत. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून विश्रांती आणि काही आठवडे कडक तळाचा बूट सांगितला. काकांनी तो घातला, पण अंधार पडल्यावरच बाहेर पडून. समोरून कोणी मराठी आलंच तर पायावर शाल सोडत.

बरे झाल्यावर त्यांच्या शिकवणीत एका कलमाची भर पडली: सुरुवातीला रोज दहा-पंधरा मिनिटं, तीही घरात किंवा गवतावर, आणि मधुमेहानं पायाची संवेदना कमी झालेल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय पातळ तळाच्या वाटेलाच जायचं नाही. हे कलम आपण पहिल्यापासूनच सांगत होतो, असं ते छातीठोक सांगतात.

तेव्हा तुमचीही करंगळी संध्याकाळी ठणकत असेल, तर दोष पायाला देऊ नका आणि ‘खुल जाएगा’वर विश्वास ठेवू नका. दिवस मावळल्यावर कागदावर उभे राहा, दोन्ही पावलांची रेघ ओढा आणि तो कागद घेऊनच दुकानात जा. फक्त चंडीगडात असाल तर हे गुपचूप करा. कागदाची घडी काकांच्या नजरेला पडली, तर तुमचा रविवार गेला.