मुक्त लेखकाची राखीव चूक

दारावरच्या पाटीवर नावाखाली ‘मुक्त लेखक’ असे शब्द कोरून घेणारा गृहस्थ कोणाच्या दप्तरी रुजू नसतो, त्याला मुशाहिरा नसतो, हक्काची रजा नसते आणि वरिष्ठही नसतो. परंतु वरिष्ठाच्या अभावी आपले काम बरे झाले की वाईट हे सांगणाराही कोणी उरत नाही, ही अडचण नोकरीचा राजीनामा लिहिताना त्याच्या ध्यानात आलेली नसते. मानधनावरून यशाची रुजुवात करावी, तर दिवाळी अंकाचे मानधन पुष्कळदा पुढल्या दिवाळीपर्यंत वाटेतच असते, आणि कित्येक ठिकाणी अंकाची एक प्रत हेच मानधन अशी जुनी वहिवाट आहे. आप्तांच्या स्तुतीवर विसंबावे, तर ‘लेख फार सुंदर उतरला आहे’ म्हणणाऱ्या आप्ताला लेखाचा विषय विचारण्याचे धैर्य मी तरी अद्याप कोणा लेखकात पाहिलेले नाही.

आमच्या पेठेतल्या एका मुक्त लेखकांनी या पेचातून काढलेली वाट मला अभिजात वाटते. अनोळखी मनुष्याने आपला लेख अथपासून इतिपर्यंत वाचला याचा निर्विवाद दाखला एकच, तो म्हणजे त्याने त्यातली चूक काढणे, असा सिद्धान्त त्यांनी मांडला, आणि तेव्हापासून प्रत्येक लेखात, शक्यतो शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, ते एक चूक राखून ठेवू लागले. अशी चूक निवडणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. मुंबई-ठाणे आगगाडी १८५३ ऐवजी १८५४ साली सोडली, तर शाळकरी पोरेही हसतात आणि लेखक निव्वळ अडाणी ठरतो. पानिपताला हात लावला, तर पत्रांऐवजी माणसेच घरी येतात. आणि शिवजन्माच्या तिथीत बरोबर लिहिणाऱ्याचीही धडगत नसल्यामुळे तेथे मुद्दाम चुकण्यात काही स्वारस्य उरत नाही. उलट ‘केसरी’चा जन्म १८८१ ऐवजी १८८० साली घातला, तर न्यू इंग्लिश स्कूल त्या साली निघालेले असल्यामुळे चुकीला व्यासंगाचा सुगंध येतो, आणि मिरजेपासून इंदूरपर्यंतचे निवृत्त मुख्याध्यापक ‘आपला लेख वाचनीय असला तरी’ अशा मायन्याने लेखणी उचलतात. स्तुती करणाऱ्याला अर्धे पोस्टकार्ड पुरते. चूक काढणारा समासातही लिहितो, आणि पत्त्याच्या बाजूलाही शिरतो. ही सर्व पत्रे आमचे लेखक सालवार लावून, पेशवे दप्तराच्या थाटात रुमालात बांधून ठेवीत, व प्रत्येकाला ‘आपल्या व्यासंगास वंदन’ असे उत्तर धाडीत.

गतवर्षी घात झाला. दिवाळी अंकांच्या परंपरेवरील लेखात त्यांनी काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक १९०९ ऐवजी १९१० साली काढला होता; परंतु संपादकांनी नव्यानेच नेमलेल्या एका कर्तव्यदक्ष उपसंपादकाने तो आकडा निमूटपणे दुरुस्त केला, लेख निर्दोष छापला गेला, आणि मार्गशीर्ष सरला तरी एक पत्र आले नाही. आपल्या मजकुरात हस्तक्षेप झाल्याची लेखी तक्रार त्यांनी केली; तिची दखल म्हणून संपादकांनी उपसंपादकाचा हुद्दा वाढविला.

तेव्हा त्यांनी मेहुण्याच्या संमतीने, त्याच्या नावे व पत्त्यावरून, लेखातला १९०९ हा सन साफ चुकीचा असून तो १९१० पाहिजे, असे खरमरीत पत्र मासिकाकडे धाडले. ते छापून आले, आणि त्याचे खंडन करणाऱ्या पत्रांचा जो पाऊस पडला तो सगळा मेहुण्याच्या अंगणात. इतकी चर्चा होणारा मनुष्य अवश्य लिहिता केला पाहिजे, असे वाटून संपादकांनी मेहुण्यालाच येत्या अंकासाठी लेखाचे निमंत्रण पाठविले. परवा तो बाड घेऊन आला. लेख पुरा झाला आहे, त्यात चूक कोणती घालावी तेवढे सांगा, असे म्हणाला. मुक्त लेखकांनी चष्मा लावून चार पाने वाचली, आणि निराळी चूक घालण्याची आवश्यकता नाही, असा निर्वाळा दिला.