आप्पांचा एक छोटासा प्रश्न

आप्पांचा प्रश्न १८७८ साली सुरू होतो. त्या साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींनी मराठी ग्रंथकारांना पुण्यात बोलावलं, तिथून. मग १८८५ चं दुसरं संमेलन आणि त्याला यायला नकार देणारं महात्मा फुल्यांचं पत्र. पत्रापाशी आप्पा जरा थांबतात, बाटलीतलं पाणी पितात. पुढे बेळगाव १९४६, अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव. मग कऱ्हाड १९७५, दुर्गा भागवत, आणीबाणी. इथवर येईतो व्यासपीठावरच्या पाहुण्यांची मान हलायची थांबलेली असते, निवेदक माईकजवळ येऊन उभा राहिलेला असतो आणि सतरंजीवरची पोरं एकमेकांना कोपरं मारत असतात. तेव्हा आप्पा म्हणतात, "आता मूळ प्रश्नाकडे येतो."

मूळ प्रश्न दोन शब्दांचा असतो. "काय वाटतं?"

असा माणूस प्रत्येक संमेलनात असतो. ‘श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचं असेल तर’ हे वाक्य पुरं व्हायच्या आत त्याचा हात वर गेलेला असतो. कुठे तो निवृत्त मुख्याध्यापक असतो, कुठे विमा एजंट, कुठे ग्रंथालयाचा माजी कार्यवाह. बेळगाव तालुक्यातल्या संमेलनांना तो यशवंतपूरहून पुरवला जातो. सहाशे किलोमीटर रेल्वेने.

यशवंतपूर म्हणजे बंगळूरचं ते स्टेशन, जिथे उत्तरेकडून आलेला माणूस उतरतो आणि ‘बंगळूर अजून किती लांब?’ म्हणून विचारतो. आप्पा मूळचे निपाणीचे. तरुणपणी इथे आले ते जलहळ्ळीच्या घड्याळाच्या कारखान्यात. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने निघालेला एचएमटीचा कारखाना तो. आप्पा तिथे तयार घड्याळं तपासायचे. किती सेकंद पुढे, किती मागे. नोकरी संपून जमाना झाला, २०१६ मध्ये सरकारने त्या घड्याळांचा धंदाच बंद करायचं ठरवलं, तरी आप्पांच्या मनगटावर चावीची ‘जनता’ आहे आणि ती रोज सकाळी दात घासायच्या आधी भरली जाते.

बोलायला उठले की आप्पा आधी ही ‘जनता’ सोडून डाव्या तळहातावर ठेवतात. नवख्या निवेदकाला वाटतं, वा, वेळेचं भान असलेला माणूस. पण त्या घड्याळाकडे आप्पा स्वतःसाठी कधी बघत नाहीत. ते दुसऱ्यांसाठी असतं. त्यांच्याकडे एक लांबट वही आहे, तीत हिशेब सापडतो: स्वागत १४ मि., प्रास्ताविक २२ मि., उद्घाटक ४१ मि. (पैकी विषयावर ६), आभार ११ मि. स्वतःच्या प्रश्नाची नोंद तीत नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तपासणाऱ्याला कोण तपासतंय?"

काकू त्यांच्याबरोबर कधीच येत नाहीत. "घरी ऐकतेय तेवढं पुरे," म्हणतात. पण खरी गोष्ट अशी की घरीही आप्पांना बोलायला फारसा वाव नाही. सून म्हैसूरकडची, तिच्याशी कन्नड. नातू इंग्रजीत रडतो. मेट्रोच्या दारावरच्या पहारेकऱ्याशी हिंदी. काकूंशी मराठी, पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्या मराठीत क्रियापदं उरलेली नाहीत. "चहा." "औषध." "दार." एवढ्यावर भागतं. निपाणीची सगळी मराठी आत साठून राहते आणि महिन्यामहिन्याने वाढत जाते.

म्हणून आप्पा सकाळी एपीएमसी यार्डात जातात. यशवंतपूरचं हे यार्ड कांद्याबटाट्याचं मोठं ठाणं, आणि कांद्यातला बराचसा आपल्याकडचा. लॉऱ्यांच्या रांगेतून आप्पा नंबरपाट्या वाचत हिंडतात. एमएच पंधरा म्हणजे नाशिक, सोळा म्हणजे नगर, तेरा म्हणजे सोलापूर. पाटी सापडली की केबिनच्या दाराशी उभं राहून, "कुठलं गाव?" ड्रायव्हर रात्रभर जागलेला, डोळे तांबारलेले. त्याला मराठी ऐकून बरं वाटतं, तो बिडी पुढे करतो. त्या बिचाऱ्याला माहीत नसतं की इथेही प्रश्न चाकणच्या कांदा आंदोलनापासून निघणार आहे. शरद जोशी, पुणे-नाशिक रस्ता, शेतकरी संघटना. "काका, गाडी मागं घ्यायचीय," असं ड्रायव्हर म्हणतो तेव्हा आप्पा जेमतेम १९८० पर्यंत आलेले असतात.

थंडी सुरू झाली की त्यांचा हंगाम येतो. बेळगावच्या आसपास कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी, बेळगुंदी, सांबरा अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. बेळगावला अखिल भारतीय संमेलन २००० मध्ये झालं, त्यानंतर नाही. पण ही गावं कुणाची वाट बघत नाहीत. सुगी आटपली, की वर्गणी काढायची, शाळेच्या पटांगणात नाहीतर आमराईत मांडव घालायचा, आणि एखाद्या रविवारी सकाळी दिंडी काढायची. पुढे भजनी मंडळ, मग लेझीम, मग पालखीत ग्रंथ, मग डोक्यावर कलश घेतलेल्या बायका, आणि मधूनमधून जिजाऊ नि शिवाजी झालेली पोरं, ज्यांच्या मिश्या दहा वाजेपर्यंत घामाने गळ्याशी आलेल्या असतात. दिवसभर व्याख्यान, परिसंवाद, कथाकथन, कविसंमेलन, आणि मध्ये अख्ख्या गावाला जेवण. मोठ्या संमेलनात मानपानाची जी भांडणं असतात ती इथे निम्म्या पैशांत होतात.

आप्पांची तक्रार एकच. "रेल्वेचं तिकीट साठ दिवस आधी निघतं आणि यांची पत्रिका आठ दिवस आधी!" त्यावर त्यांनी उपाय काढलाय. डिसेंबर ते फेब्रुवारीतल्या बऱ्याचशा शनिवारांची तिकिटं ते आधीच काढून ठेवतात. ज्या रविवारी संमेलन निघत नाही त्याचं रद्द. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने गेलं तर दिंडी हुकते, म्हणून तिच्या आधीची बेळगाव एक्स्प्रेस. यशवंतपूरच्या फलाटावर ते गाडीच्या तासभर आधी हजर असतात. खालच्या बर्थवर बसून, डबा उघडायच्या आधी, येणाऱ्या वक्त्याचं पुस्तक पिशवीतून काढतात. ते विकत घेतलेलं असतं, खुणा करून वाचलेलं असतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

काही संमेलनांत आदल्या दिवशी किंवा सकाळच्या वेळी नवोदितांसाठी कार्यशाळा असते. सत्तरी ओलांडलेले आप्पा नवोदितांत बसतात. पुढच्या बाकावर, नववीतल्या मुलींच्या शेजारी. त्यांच्याजवळ एक कथा आहे. यशवंतपूरच्या यार्डात भाव पडल्यामुळे तीन दिवस अडकून पडलेल्या लॉरी ड्रायव्हरची. बावीस पानं होती. कथा वाईट नव्हती, मी वाचलीय. पहिल्या कार्यशाळेत मार्गदर्शक म्हणाले, सुरुवातीची पाच पानं म्हणजे धावपट्टी आहे, काढून टाका. आप्पांनी काढली. दुसऱ्या वर्षीचे म्हणाले, शेवट खुला ठेवा. आप्पांनी शेवटची चार पानं काढली. तिसऱ्या बाई म्हणाल्या, हीच गोष्ट घरी वाट बघणाऱ्या बायकोच्या नजरेतून बघा. त्यात लॉरी गेली, यार्ड गेलं, यशवंतपूर गेलं. चौथ्या वर्षी मार्गदर्शक कवी होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "आप्पा, ही कथा नाहीच."

आता अर्धं पान उरलंय. एक बाई दारात उभी आहे. बास. नाव मात्र अजून ‘कांदा’च आहे, आणि ते फार सूचक झालंय असं सगळे मार्गदर्शक एकमताने म्हणतात. मूळ बावीस पानांची प्रत आप्पांनी फाईलला लावून ठेवलीय. ती त्यांनी एकदा यार्डात एका नगरच्या ड्रायव्हरला वाचून दाखवली. सगळी ऐकून तो म्हणाला, "भाव काय लावला त्ये न्हाई लिहिलं." मला विचाराल तर चारही कार्यशाळांत मिळून एवढी नेमकी सूचना कुणी केली नव्हती.

बंगळुरातच एवढं काय काय चालतं, मग सहाशे किलोमीटर कशाला, असं मी त्यांना विचारलं होतं. त्यावर आप्पा शहरातल्या एका मोठ्या इंग्रजी साहित्योत्सवाला जाऊन आले. हिरवळ, पांढरे तंबू, गळ्यात पट्टे. आल्यावर दोन दिवस धुमसत होते. "अहो, माईक हातात देतच नाहीत! ती पोरगी माईक आपल्याच हातात ठेवते आणि आपल्या तोंडाशी धरते, डॉक्टर थर्मामीटर धरतो तसा. मी रानड्यांचं नाव घेतलं, तिने माईक काढून घेतला." उलट बेळगावकडच्या गावात माईकची वायर लांब असते. पोरगा वायर सोडवत, लोकांच्या मांड्यांवरून ओढत आणून देतो, आणि परत कधी घ्यायचा हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

त्या गावांनी आप्पांना आपलंसं करून घेतलंय ते आपल्या सोयीने. एका गावात आचाऱ्याने मला सांगितलं, "आप्पा उठले की म्या भात टाकतो. त्यांचं सपेपर्यंत वाफ येतीया." व्यासपीठावरून ‘कृपया आटोपते घ्यावे’ अशा चिठ्ठ्या येतात, त्या आप्पा वाचतात, घडी करून वहीत ठेवतात. त्यांना वाटतं, नोंदी आहेत. वक्त्यांच्या उत्तरांचाही त्यांच्याकडे संग्रह आहे. सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर म्हणजे ‘तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे’. त्याखालोखाल ‘यावर आपण जेवताना बोलू’. पंगतीत मात्र हे वक्ते आप्पांपासून चार पानं सोडून बसतात, असंही शेरा म्हणून लिहिलंय.

एका वर्षी मोतीबिंदूमुळे आप्पा गेले नाहीत. मी एकटाच गेलो. व्याख्यान झालं, निवेदकाने विचारलं, कुणाला काही प्रश्न? मांडवात चिडीचूप. पाहुणे हसतमुखाने इकडेतिकडे बघताहेत. निवेदक म्हणतो, संकोच नको. संकोच कुणाला होता? लोक सवयीने आप्पांची वाट बघत होते. शेवटी स्वागताध्यक्षांनी स्वतः उठून विचारलं, "सरांना प्रवासात त्रास काय झाला नाही न्हवं?" आचाऱ्याचा भात कच्चा राहिला. तेव्हापासून पत्रिका छापायला टाकायच्या आधी संयोजकांचा यशवंतपूरला फोन येतो. "आप्पा, येणार न्हवं? न्हाई, वक्ते ठरल्यात, तुमचंच तेवढं कळलं की झालं."

परवाच्या हंगामातली गोष्ट. आलेले कादंबरीकार बऱ्यापैकी नावाजलेले. मी नाव सांगत नाही, कारण त्यांना दोन पुरस्कार अजून मिळायचेत. पाऊण तास बोलले, ‘माझी लेखनप्रक्रिया’ या विषयावर. पहाटे साडेचारला उठतो, पात्रं मला येऊन भेटतात, मी लिहीत नाही, माझ्याकडून लिहिलं जातं, वगैरे. वहीत: ४७ मि. प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि ‘जनता’ तळहातावर आली. "माझा एक छोटासा प्रश्न आहे." मागून कुणीतरी आचाऱ्याला खूण केली. रानडे झाले, फुल्यांच्या पत्रापाशी पाणी पिऊन झालं, माडखोलकर झाले, दुर्गाबाई झाल्या, जी. ए. कुलकर्णी बाजूच्याच धारवाडला राहून जन्मभर व्यासपीठापासून लांब कसे राहिले, हे यंदा नव्याने झालं. "तर या पार्श्वभूमीवर, लेखक म्हणून आपल्याला काय वाटतं?"

कादंबरीकार शहरी माणूस. त्यांनी नेहमीचं उत्तर दिलं नाही. किंचित हसून, माईक जवळ ओढून, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "आप्पासाहेब, आपण सगळ्या साहित्याचा इतिहास सांगितलात. एकच विचारतो. माझी कादंबरी आपण वाचलीय का?"

पोरं खुसखुसली. निवेदकाला वाटलं, सुटलो.

आप्पांनी पिशवीतून ते पुस्तक काढलं. पानापानाला कागदाचे कपटे लावलेले. ते त्यांनी सावकाश वर धरलं, सगळ्यांना दिसेल असं.

"वाचलीय की. दोनदा," आप्पा म्हणाले. "म्हणून तर तिच्यावर काही विचारलं नाही."